बिघाडातून जन्मलेली पेटी

मागील वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामातील गायकवृंदात गिटार वाजवणारा एक तरुण आमच्याकडे आला. त्याच्या हातात साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी अशी ॲल्युमिनियमची पेटी होती. तिच्यावर तीन फिरत्या गुंड्या होत्या आणि पायाने दाबायचे एक बटण होते. दिवसा नोकरी आणि रात्री घरच्या पडवीत डाग देण्याचे काम, असा त्याचा दिनक्रम. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तो सुटे भाग आणतो, एका वेळी दहा पेट्या जुळवतो आणि ओळखीच्या वादकांना विकतो. आम्ही तोंडभरून कौतुक केले; परंतु तो कौतुक ऐकण्यासाठी आला नव्हता.

"फादर, ह्या पेटीतले सर्किट माझे नाही," तो म्हणाला. "अमेरिकेतल्या एका माणसाने ते शोधले. त्याने ते लपवून ठेवले होते, लोकांनी ते उघडे केले. मी ते करून विकतो, ही चोरी होते का?"

सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्र शिकलो आहोत. न्याय्य किंमत, परद्रव्य, हानिभरपाई ह्या विषयांवर परीक्षाही दिल्या आहेत. तरीही ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तिथल्या तिथे देता आले नाही. "थोडा वेळ दे बाबा," असे सांगून आम्ही त्याला वाटेला लावले आणि ह्या पेट्यांचा इतिहास वाचावयास घेतला. आमच्या मंदिरांत गिटारीचा शिरकाव झाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. वाचता वाचता ध्यानात आले, की ज्या काळात परिषद रोममध्ये भरत होती नेमक्या त्याच काळात ही पेटीही जन्माला आली.

प्रथम ही पेटी करते काय, ते पाहू. विद्युत गिटारीच्या तारेचे कंपन विजेच्या लहानशा लाटेत रूपांतरित होऊन ध्वनिवर्धकाकडे जाते. ध्वनिवर्धकाला पेलवेल त्याहून मोठी लाट त्यात कोंबली, तर लाटेचा माथा छाटला जातो. गोल डोंगराचे पठार होते. ह्या छाटणीतून मूळ स्वरात नसलेले वरचे उपस्वर जन्मतात आणि आवाज घोगरा, खरखरीत, दाट होतो. अभियंत्याच्या लेखी हा शुद्ध दोष. अनेक दशके त्यांची सारी विद्या हा दोष नाहीसा करण्यात खर्ची पडली होती. आणि इकडे वादकांना तोच आवडू लागला!

१९५१ साली मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत 'रॉकेट ८८' ह्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. गिटारवादक विली किझार्ट यांचा ध्वनिवर्धक वाटेतच मोडला होता. तो गाडीवरून पडला असे कोणी सांगतात, पावसात भिजला असे कोणी. स्पीकरच्या फाटक्या पडद्यात कागदाचा बोळा कोंबून वेळ निभावून नेली गेली, आणि तोच गुरगुरणारा आवाज तबकडीवर उमटला. पुढे लिंक रे यांनी १९५८ साली पेन्सिलीने स्पीकरला मुद्दाम भोके पाडली. इंग्लंडमध्ये डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ साली दाढीच्या पात्याने पडदा चिरला. धडधाकट वस्तू हौसेने फाडण्याचा हा प्रकार आमच्या पिढीतील आईबापांना कसा वाटला असता, ते सांगावयास नको.

परंतु पेटीचा खरा जन्म नॅशव्हिलचा. ते लोकसंगीताचे शहर. तेथे ओवेन ब्रॅडली यांचा स्टुडिओ होता. लष्करी छावणीत असतात तशा अर्धगोल पत्र्याच्या शेडमध्ये तो थाटलेला असल्यामुळे त्याचे नावच 'क्वॉन्सेट हट' पडले होते. मार्टी रॉबिन्स यांचे 'डोन्ट वरी' हे संथ, भावपूर्ण गीत तेथे ध्वनिमुद्रित होत होते. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते. त्यांचा तुकडा सुरू झाला आणि ध्वनिमिश्रणाच्या टेबलातील एका वाहिनीचा ट्रान्सफॉर्मर बिघडला. बेसचा सूर भुंग्यासारखा गुणगुणत, फाटत बाहेर पडला. टेबलावर ग्लेन स्नॉडी हे अभियंते बसले होते. तुकडा पुसून नव्याने घेणे सहज शक्य होते. पण ऐकणाऱ्यांना तो आवाज विलक्षण वाटला आणि तो तसाच ठेवण्यात आला. १९६१ च्या प्रारंभी ही तबकडी अफाट गाजली.

मग दुसरे कलावंत स्टुडिओत येऊन तोच आवाज मागू लागले. पण बिघाड हा काही पाळीव प्राणी नव्हे. ती वाहिनी तोपर्यंत पुरती निकामी झाली होती. स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्स ह्या सहकाऱ्याबरोबर बसून ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने तो बिघाड पुन्हा घडवला, ह्या वेळी मनाप्रमाणे चालू-बंद करता येईल असा. सर्किट त्यांनी शिकागोला गिब्सन कंपनीकडे नेले. १९६२ साली 'माएस्ट्रो फझ-टोन' ह्या नावाची पाचरीच्या आकाराची पेटी बाजारात आली. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि विजेरीच्या दोन बॅटऱ्या. पेटंटचा अर्ज त्याच वर्षी दाखल झाला आणि १९६५ साली मंजूर झाला.

कंपनीने जाहिरात केली ती अशी, की ह्या पेटीने गिटारीतून सॅक्सोफोनचे, तुतारीचे, चेलोचे सूर निघतील. पहिल्या वर्षी पाच हजारांहून अधिक पेट्या दुकानदारांकडे गेल्या आणि तेथेच धूळ खात पडल्या. पुढची दोन वर्षे मागणी जवळजवळ शून्य. मे १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सचे कीथ रिचर्ड्स यांनी 'सॅटिसफॅक्शन' ह्या गाण्याच्या मुद्रणात ती वापरली. तिथेही त्यांचा हेतू तात्पुरताच होता. पुढे त्या जागी खरी वाद्ये वाजतील, तोवर पेटी चालेल, असा. पण गाणे तसेच प्रसिद्ध झाले, जगभर गेले, आणि वर्ष संपेपर्यंत दुकानांतल्या पेट्याही संपल्या. दुसऱ्या वाद्यांची नक्कल म्हणून काढलेली वस्तू स्वतःचा आवाज घेऊन उभी राहिली.

येथपर्यंत कथा कंपनीची. हातकामाची कथा लंडनच्या डेन्मार्क स्ट्रीटवर सुरू होते. वाद्यांच्या दुकानांची ही आखूडशी गल्ली. गॅरी हर्स्ट ह्या तरुण तंत्रज्ञाकडे व्हिक फ्लिक हे वादक अमेरिकन पेटी घेऊन आले. सूर लवकर विझतो, तो लांबवता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. हर्स्ट यांनी मूळ सर्किटात फेरफार करून १९६५ साली 'टोन बेंडर' तयार केला. पहिल्या काही पेट्या चक्क लाकडी होत्या. म्हणजे पहिली हातघडणीची पेटी हीसुद्धा दुसऱ्याच्या सर्किटाची सुधारलेली नक्कलच होती! हे वाचताना आम्हांला आमच्या तरुणाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

पुढल्याच वर्षी लंडनच्याच आर्बिटर कंपनीने 'फझ फेस' काढली. मायक्रोफोनच्या उभ्या दांड्याला जी गोल लोखंडी बैठक असते, तिच्यावरून आकार सुचलेली. आतील सर्किट इतके साधे की अचंबा वाटावा: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन गुंड्या. अवघे अकरा भाग. जिमी हेंड्रिक्स यांच्या वादनामुळे ही पेटी अजरामर झाली.

अकराच भाग, तरी दोन पेट्या एकसारख्या वाजत नसत. ह्याचे कारण जर्मेनियम. ह्या उपधातूचे ट्रान्झिस्टर एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघाले तरी एकाची वर्धनशक्ती साठ तर दुसऱ्याची दीडशे. शिवाय त्यांतून थोडी वीज सतत गळत राहते, आणि तापमान दहा अंशांनी चढले की ही गळती सुमारे दुप्पट होते. थंड खोलीत गोड वाजणारी पेटी तापलेल्या रंगमंचावर रुसते. हेंड्रिक्स पुष्कळ पेट्या विकत घेऊन त्यांतल्या चांगल्या तेवढ्या निवडून ठेवीत, असे सांगतात. त्यांच्यासाठी काम करणारे रॉजर मेयर हे पूर्वी ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागात ध्वनी व कंपने ह्यांचा अभ्यास करीत. त्यांनी घडवलेल्या 'ऑक्टेव्हिया' पेटीचा आवाज १९६७ च्या 'पर्पल हेझ' मध्ये ऐकू येतो.

हातकारागिराला येथेच वाव मिळाला. कारखान्याला हजारो ट्रान्झिस्टर एकेक करून मोजणे परवडत नाही. दहा-वीस पेट्या करणाऱ्याला परवडते. तो जुन्या शिल्लक मालातले शंभर ट्रान्झिस्टर आणतो, प्रत्येकाची वर्धनशक्ती आणि गळती मोजतो, जोड्या लावतो आणि उरलेले बाजूला सारतो. मग भोके पाडलेल्या फळीवर सर्किट मांडून कानाने पारखतो. एखादा रेझिस्टर बदलून पुन्हा ऐकतो. मन भरले की छापील पट्टीवर भाग बसवून डाग देतो, ॲल्युमिनियमच्या डबीला भोके पाडतो, रंग देतो आणि शेवटी गिटार जोडून प्रत्येक पेटी स्वतः वाजवून पाहतो. आमच्याकडे सुतार लाकूड ठोकून त्याचा आवाज ऐकतो, तशातलाच हा प्रकार.

सत्तरच्या दशकात हा धंदा पुन्हा कारखान्यांकडे गेला. न्यूयॉर्कला माइक मॅथ्यूज यांची इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, जपानमध्ये बॉस आणि आयबानेझ. जपानी पेट्या स्वस्त, टिकाऊ आणि एकसारख्या होत्या. ह्याच सुमारास, १९७५ साली, क्रेग अँडरटन यांचे वादकांसाठी विद्युतउपकरणे कशी करावी हे शिकवणारे पुस्तक आले आणि घरच्या टेबलावर डाग देणाऱ्या हौशी मंडळींची एक पिढी त्यावर तयार झाली. ऐंशीच्या दशकात संगणकीय यंत्रांची लाट आली. जुन्या पेट्या मोडीच्या भावात गेल्या. मग नेहमीप्रमाणे लोकांना त्यांची आठवण येऊ लागली. नव्वदच्या दशकात कनेक्टिकटमध्ये माइक पिएरा जुन्या पेट्या दुरुस्त करून, सुधारून विकू लागले. मिनियापोलिसमध्ये झॅकरी वेक्स यांच्याकडे एकेक पेटी हाताने रंगवली जाऊ लागली. पिएरा यांच्या एका पेटीसाठी पुढे गिऱ्हाइकांना काही वर्षे थांबावे लागू लागले.

आणि ह्याच वेळी बॉस्टन परिसरात बिल फिनेगन ह्या वादकाने तो नराश्व बाजारात आणला, ज्याच्यामुळे आमचा तरुण आमच्या दाराशी आला. फिनेगन यांची अडचण साधी होती. त्यांचा ध्वनिवर्धक मोठ्याने लावला तरच गोड वाजे, आणि लहान क्लबांत तेवढा मोठा आवाज चालत नसे. तोच गोडवा कमी आवाजात हवा होता. प्रचलित पेट्या सूर चिमटतात, अशी त्यांची तक्रार. ते स्वतः अभियंता नव्हते. जाणकारांच्या, विशेषतः एम.आय.टी.त शिकलेल्या फ्रेड फेनिंग यांच्या साहाय्याने त्यांनी सुमारे साडेचार वर्षे खटपट केली. १९९४ च्या अखेरीस 'क्लॉन सेंटॉर' तयार झाली. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी ही पेटी आतल्या आत तो दाब वाढवून घेते, म्हणून सूर चिमटत नाही; आणि छाटलेल्या सुराबरोबर न छाटलेला सूरही मिसळून देते. पेटीचे ओतीव आवरण खास बनवून घेतलेले, वर नराश्वाचे चित्र. राहत्या घरात पत्ते खेळण्याच्या घडीच्या टेबलावर बसून फिनेगन त्या जुळवीत.

सर्किटावर त्यांनी काळ्या इपॉक्सीचा थर ओतला, म्हणजे उघडून पाहणाऱ्याला काही दिसू नये. कायदा ह्या बाबतीत फारसा सोबतीला नसतो. सर्किटाच्या कल्पनेला कॉपीराइट मिळत नाही. पेटंट मिळवणे खर्चाचे, आणि ते काही वर्षांनी संपते. एकट्या कारागिराला इपॉक्सीच स्वस्त पडते. ती पुढे कोणीतरी खरवडून काढली, सर्किट सर्वांना कळले, आणि नकलांचा पाऊस पडला. सुमारे आठ हजार पेट्या करून फिनेगन थांबले. हातघडणीच्या हिशेबात त्यांना फायदा बेताचाच राहत असे. आज जुनी सेंटॉर हजारो डॉलरला विकली जाते, आणि त्यातला एक छदामही घडवणाऱ्याच्या हाती पडत नाही. २०१२ साली त्यांनी लहान आकाराची नवी आवृत्ती काढली तेव्हा पेटीच्या अंगावरच छापून टाकले, की हा हास्यास्पद गवगवा मी केलेला नाही.

२०२४ साली त्यांनी बेरिंगर ह्या मोठ्या उत्पादकाविरुद्ध अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. ह्या दाव्यातली गोम आम्हांला फार महत्त्वाची वाटली. लहान लहान कारागिरांनी वर्षानुवर्षे सर्किटाची नक्कल केली, त्यांच्यामागे ते लागले नाहीत. तक्रार होती ती नाव, चित्र आणि रूप उचलल्याची. गिऱ्हाइकाला पेटी त्यांचीच वाटावी अशा बेताची. पुढे त्या पेटीचे नाव बदलण्यात आले.

आमच्या तरुणाला आम्ही बोलावून घेतले. स्नॉडींचे सर्किट हर्स्टने घेतले, हर्स्टचे आणखी कोणी, हे त्याला सांगितले. अकरा भागांची जुळणी कोणा एकाची मिरास मानावी, असे आम्हांला वाटत नाही. पण दुसऱ्याच्या नावावर गिऱ्हाईक मिळवणे, किंवा 'हे माझेच संशोधन' म्हणून सांगणे, हे सरळसरळ खोटे. ते आठव्या आज्ञेत बसते, सातवीपर्यंत जावेच लागत नाही. त्याने थोडा विचार केला आणि पेटी उलटी करून दाखवली. झाकणावर त्याने नराश्वाचा छाप मारला होता; मुंबईत तसा छाप तयार मिळतो म्हणे.

तो छाप त्याने रॉकेल लावून पुसला. आता त्याच्यापुढे वेगळी अडचण आहे. नव्या खेपेत त्याने जर्मेनियमची फझ करून पाहिली, आणि मेच्या उकाड्यात, पत्र्याच्या मंडपाखाली, ती भर मिस्साविधीत मुकी झाली. सिलिकॉन वापरू का, असे तो विचारतो आहे. ह्याचे उत्तर मात्र आम्हांला सेमिनरीत कोणी शिकवले नाही.