कोळशाची वाट आणि तळघराची खिडकी

अमेरिकेच्या उत्तर भागातल्या जुन्या घरांची तळघरं कुणी राहावं म्हणून खोदलेली नव्हती. तिथल्या हिवाळ्यात जमीन काही फुटांपर्यंत गोठते, फुगते आणि वरचं बांधकाम उचलते. म्हणून पाया त्या थराखाली न्यावाच लागतो. एवढं खोदायचंच, तर आणखी थोडं खोदून भट्टी आणि कोळसा तिथे ठेवावा, असा हिशेब होता. जमिनीलगतच्या बुटक्या खिडकीकडेही याच हिशेबाने पाहिलं पाहिजे. 1940 च्या जनगणनेनुसार जवळजवळ 55 टक्के घरं कोळशावर किंवा कोकवर तापत होती. कोळशाची गाडी घराशी थांबायची, उतरती पन्हळ लावली जायची आणि माल थेट आतल्या कप्प्यात पडायचा. काही घरांना त्यासाठी ओतीव लोखंडाचं वेगळं दार असे. जिथे ते नव्हतं तिथे खिडकीच कामाला येई. यावर कुणी म्हणेल, की खिडकी उजेड-वाऱ्यासाठीच असते. तळघरात धुणं व्हायचं, त्यामुळे उजेड हवाच होता, हे खरं. पण वाऱ्याचा मुद्दा वाटतो तितका पक्का नाही: उन्हाळ्यातली दमट हवा गार भिंतींना लागली की तिचं पाणी होतं, आणि उघड्या खिडकीने तळघर सुकण्याऐवजी ओलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात तेलासाठी टाकलेल्या ‘बिग इंच’ आणि ‘लिटल बिग इंच’ या नळवाहिन्यांतून युद्धानंतर टेक्सासचा नैसर्गिक वायू पूर्वेकडे वाहू लागला. घर तापवायचं तेलही होतंच. 1970 पर्यंत कोळशावर तापणारी घरं तीन टक्क्यांच्या आत आली. कोळसा गेला आणि खिडकीचं मुख्य कामच संपलं. उरली ती गंजणारी पोलादी चौकट, सुटलेली लांबी आणि चोराची धास्ती. मग कितीतरी घरमालकांनी तिथे काचेच्या पोकळ विटा बसवल्या. त्या निवडीला नावं ठेवणं सोपं आहे, पण ती अडाणीपणाची नव्हती: एकेरी काचेपेक्षा थंडी कमी, उजेड कायम, आणि फोडायला अवघड. चूक झाली ती पुढे, तळघरात झोपायच्या खोल्या निघाल्या तेव्हा. आगीत जिना धुराने भरला, तर न उघडणारी खिडकी ही निव्वळ भिंत. म्हणून जुनी चौकट मोजून त्याच मापाची नवी बसवणं मला अर्धवट काम वाटतं; ते माप मुळात माणसाच्या सुटकेसाठी ठरलेलंच नव्हतं. न्यू जर्सीत किंवा शिकागोजवळ असं जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे आधी तपासावं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी आधार मानलेल्या निवासी बांधकाम संहितेप्रमाणे झोपण्याच्या खोलीतल्या सुटकेच्या खिडकीची मोकळी जागा किमान 20 इंच रुंद आणि 24 इंच उंच लागते, आणि तिचा तळ खोलीच्या जमिनीपासून 44 इंचांहून वर चालत नाही. जुनी बुटकी खिडकी यात सहसा बसत नाही. तिथे पायाची भिंत कापून बाहेर खड्डा बांधावा लागतो.