सरपंचपद : मुदत, फेरनिवड आणि पळवाटा

सरपंच म्हणजे ग्रामपंचायतीचा प्रमुख. मुदत पाच वर्षे. मात्र एकाच व्यक्तीने हे पद किती वेळा भूषवावे, यावर महाराष्ट्रात बंधन नाही. बीड जिल्ह्यातल्या तलवाड्यात (ता. गेवराई) मतदारांची इच्छा असेल तर तोच माणूस पाचव्यांदाही सरपंच होईल. या बाबतीत सरपंच आणि राष्ट्रपती एकाच पंगतीला आहेत. राज्यघटनेचा अनुच्छेद ५७ राष्ट्रपतीला फेरनिवडणुकीची मुभा देतो. राजेंद्रप्रसाद १९५२ व १९५७ असे दोनदा निवडून आले, त्यांच्यानंतर दुसऱ्यांदा कोणी निवडून आले नाही. पण तो पायंडा आहे, कायदा नव्हे. अमेरिकेतही दोन कारकिर्दींचा पायंडाच होता. फ्रँकलिन रूझवेल्ट चारदा निवडून आले, तेव्हा कुठे १९५१ साली बाविसावी घटनादुरुस्ती करून त्याचा कायदा झाला.

व्यक्तीला मर्यादा नसली तरी मुदतीला आहे, आणि ती कडक आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३) अनुच्छेद २४३ई आणला. त्यानुसार पंचायत पाच वर्षांपलीकडे चालत नाही. २०२० मध्ये करोनामुळे निवडणुका लांबल्या, तेव्हा मुदत संपलेल्या पंचायतींच्या सरपंचांना मुदतवाढ मिळाली नाही, प्रशासक आले. पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने गावातलीच ‘योग्य व्यक्ती’ प्रशासक नेमण्याचा शासनाचा बेत होता. ही मागच्या दाराची वाट उच्च न्यायालयात अडली.

खुर्ची खरी हलवते ती आरक्षणाची सोडत. अनुच्छेद २४३डी प्रमाणे सरपंचपदे अनुसूचित जाती, जमाती व महिलांसाठी आळीपाळीने राखीव होतात. राज्याने त्यात इतर मागासवर्गाची भर घातली आणि २०११ पासून महिलांचा वाटा निम्मा केला. तालुक्यातल्या गावांच्या चिठ्ठ्या निघतात आणि वर्षानुवर्षांचा कारभारी एका दुपारीत अपात्र ठरतो. जानेवारी २०२१ च्या निवडणुकांत तर सोडत मतदानानंतर काढली गेली. बहुमत मिळवूनही हवा तो उमेदवार हाताशी नाही, अशी कोंडी काही पॅनेलांची झाली. अर्थात हा अडसर सर्वांना सारखा नाही. राखीव प्रवर्गातली व्यक्ती खुल्या जागेवरही उभी राहू शकते, महिला तर आपल्या प्रवर्गात कुठेही. चिठ्ठीचा फटका मुख्यतः खुल्या गटातल्या पुरुषाला बसतो. मुदतबंदीसाठी केलेला नसूनही हा नियम मुदतबंदीचे काम करतो, ते असे अर्धेमुर्धे.

पळवाटाही त्याच मापाच्या. पहिली, उपसरपंचपद: त्याला सोडत नाही, म्हणून सरपंचपदी आपला माणूस बसवायचा आणि स्वतः उपसरपंच व्हायचे. रशियात सलग दोन कारकिर्दींची अट आडवी आली तेव्हा व्लादिमिर पुतिन यांनी २००८ मध्ये दिमित्री मेदवेदेव यांना अध्यक्षपदी बसवले, स्वतः पंतप्रधान झाले आणि २०१२ मध्ये परतले. गावपातळीवर हा डाव जुना आहे, फक्त त्याची बातमी होत नाही. दुसरी वाट घरातून जाते. जागा महिलेला सुटली की पत्नी, आई किंवा सून उभी राहते आणि ‘सरपंचपती’ कारभार हाकतो. ग्रामनिधीच्या धनादेशावर ग्रामसेवकाबरोबर सरपंचाची सही लागते. सही तिची, निर्णय त्याचा. आता वित्त आयोगाचा पैसा डिजिटल सहीने निघतो, तेव्हा ती सही कुणाच्या खिशात असते, हा प्रश्न सोडवायला कायद्याला अजून जमलेले नाही. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने २०२३ मध्ये सुशील कुमार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने अशा प्रतिनिधीराजाविरुद्ध कठोर दंडाची शिफारस केली. तरीही राखीव जागेवरून आलेल्या अनेकजणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्वतःच ग्रामसभा चालवू लागतात. ‘पती’ हा शब्द सगळ्यांना सरसकट चिकटवणे अन्यायाचे आहे.

मुदतीआधी पायउतार करण्याचा मार्ग अविश्वास ठरावाचा. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. तीत सरपंचाला पहिली दोन वर्षे संरक्षण आहे. पुढे सदस्यांच्या तीन चतुर्थांश बहुमतानंतर ग्रामसभेत गुप्त मतदान घ्यावे लागते. गेवराईसारख्या तालुक्यात हिवाळ्यात असंख्य कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. त्या महिन्यांत भरलेल्या ग्रामसभेत सरपंचाच्या बाजूचे किती आणि विरोधातले किती, हे फडावर कोण गेले यावरही ठरते.