झाकणाआडची पंचवीस वर्षं

स्मरणिकेत कोणी काय लिहायचं याची वाटणी झाली तेव्हा गणेशोत्सव, टँकरची वर्षं, लिफ्टसाठी केलेली भांडणं हे विषय पटापट गेले. मी म्हटलं, मी जंक्शन बॉक्सवर लिहितो. सगळे हसले. "काका, एक झाकण आणि दोन स्क्रू, त्यावर काय लिहिणार?" असं आपल्या सेक्रेटरींनी विचारलंच. पण घराघरात काय बदलत गेलं हे त्या झाकणांआड जेवढं नीट दिसतं तेवढं सोसायटीच्या इतिवृत्तातही दिसत नाही. आणि त्यातला एक भाग माझ्या हातचा आहे. तो मला लिहून टाकायचाच होता.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथे वायर भिंतीवरून उघडी जायची. लाकडी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या बारीक क्लिपा, वळणावर लाकडाचा गोल ठोकळा. दिसायला ओबडधोबड, दर दिवाळीला रंगाचा एक हात तिच्यावरूनही फिरायचा. पण कुठे वायर काळी पडली, कुठे कोणी जोड मारला, हे आजीलासुद्धा बसल्या जागेवरून दिसायचं. डोंबिवलीत आलो तेव्हा कन्सील्ड वायरिंगचं कोण कौतुक! भिंती स्वच्छ, वायर पाईपमध्ये आणि जोड झाकणाआड. जोड दिसेनासा झाला आणि तो कोणी मारला हे विचारणंही बंद झालं.

२००० साली ताबा मिळाला तेव्हा बिल्डरने प्रत्येक खोलीला मोजकेच पॉइंट दिले होते. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. रंग बरोबर होते, म्हणजे निदान डब्यापर्यंत तरी. घरात दोन-तीन ट्यूब, पंखे, टीव्ही, फ्रिज. एसी दोनच घरांत होता, आणि कोणाच्या ते जुन्या मंडळींना अजून पाठ आहे. मग टीव्हीची केबल आली, ती विजेच्याच पाईपमधून ओढली. वॉशिंग मशीन आलं, त्याला बाथरूमच्या दिव्यावरून पॉइंट. दिव्याला दीड एमएमची वायर पुरते, गीझरला चार एमएम लागते, हा हिशोब कोणी कोणाला सांगितला नाही. वायर दोनदा पिळायची, वर काळी टेप, झाकण बंद. त्या टेपचा डिंक गरमीने सुकतो आणि ती आपोआप उलगडते, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

खरी भर पडली ती भारनियमनात. शेजारच्या ठाकुर्लीचं वीजघर १९२९ सालचं. तिथे कोळसा जाळून रेल्वेच्या गाड्यांसाठी वीज केली जायची. ते कधीच बंद पडलं होतं, आणि आम्ही मेणबत्त्या घेऊन बसलो होतो. जून २००५मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं, पण राज्यात वीजच कमी होती. मुंबई शहरात झगमगाट, आणि आम्ही लोकलमधून उतरलो की अंधार. त्यात घरोघरी दहावी-बारावी. मग इन्व्हर्टरची लाट आली. वायरमन मिळेना, मिळाला तर पैसे सांगे अव्वाच्या सव्वा. मी बँकेतला माणूस, पण हाताला खाज. पुस्तकात वाचून स्वतःच्या घरी जोडणी केली, ती चालली. मग काय! २००६च्या जानेवारी-फेब्रुवारीत रविवारी एक टेस्टर, एक पक्कड आणि टेपची गुंडाळी घेऊन मी बी विंगभर फिरलो. चहा आणि पोहे एवढीच मजुरी. "आपले घरचे वायरमन" म्हणून त्या वर्षीच्या वार्षिक सभेत माझं अभिनंदनही झालं होतं.

वीज नियम १९५६ साली झाले. त्यातला ४५वा नियम सांगत होता की दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलायचा तर घरच्या माणसाने बदलावा. वायरिंगमध्ये भर घालायची किंवा फेरफार करायचा तर परवानाधारक ठेकेदारच हवा. मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्या दिवसांत मी ऐकलं असतं असं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात इन्व्हर्टरसाठी पॅसेजमध्ये नवा प्लग हवा होता. फेज किचनच्या सर्किटवरून मिळाली. न्यूट्रल तिथून ओढायला पाईपमध्ये जागा नव्हती, म्हणून ती जवळच्या, हॉलच्या दिव्याच्या डब्यातून घेतली. काळी वायर संपली होती, लालचा तुकडा होता, तोच लावला. प्लग चालला. वहिनींनी शिरा केला होता.

पुढे भारनियमन गेलं. ते कुटुंब घर विकून पुण्याला गेलं, जाताना इन्व्हर्टर घेऊन गेलं. प्लग राहिला. नव्या मालकांनी त्यावर फ्रिज लावला. २०१४च्या पावसाळ्याआधी त्यांनी हॉलमध्ये झुंबर लावायला एका तरुण वायरमनला बोलावलं. पोराने सगळं नीट केलं होतं. हॉलचा एमसीबी पाडला, डबा उघडला, टेस्टर लावून पाहिला, लागला नाही. मग न्यूट्रलचा जोड सोडवला. फ्रिज चालूच होता, कारण तो किचनच्या एमसीबीवर. फ्रिजमधून परत येणारा करंट त्याच जोडातून जात होता. जोड तुटल्याबरोबर त्या सुट्या टोकावर २३० व्होल्ट आले, आणि ते टोक त्याच्या हातात होतं. तो घोड्यावरून खाली पडला. पडला म्हणून सुटला. मनगट मोडलं.

कमिटीत चर्चा झाली. "मेन स्विच न पाडता काम करतात ही मुलं, बेजबाबदार." इतिवृत्तात तसंच लिहिलं गेलं. मी त्या सभेला होतो. मला शंका आली होती, अगदी खात्री नव्हती म्हणा. मी बोललो नाही. त्याच्या औषधपाण्याला वर्गणी काढली तेव्हा मी सगळ्यांहून जास्त दिली आणि मनाचं समाधान करून घेतलं.

२०२३ साली रौप्यमहोत्सवाच्या तयारीत आपण दोन्ही विंगचं वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून तपासून घेतलं. एकेक डबा उघडत गेला. कुठे हिरवी अर्थिंगची वायर जिन्याच्या दिव्याला फेज म्हणून वापरलेली. कुठे तांब्याला ॲल्युमिनियमचा पीळ, भोवतालचं प्लास्टिक करपलेलं. एका जोडफ्लॅटमध्ये भिंत पाडताना एका मीटरची फेज आणि दुसऱ्या मीटरची न्यूट्रल एकत्र आलेली. तिथे आरसीसीबी सारखा पडायचा, म्हणून कोणी तरी "हा पीसच खराब आहे" म्हणून तो बाजूला काढून वायर थेट जोडली होती. बिचारा आरसीसीबी खरं तेच सांगत होता! जाणारा आणि परतणारा करंट सारखा नसला की तो पडतो, आणि त्या घरात तर करंट परत दुसऱ्याच मीटरकडे जात होता.

तिसऱ्या मजल्यावरचा तो डबा उघडला तेव्हा मी स्टुलाजवळ उभा होतो. अपघातानंतर कोणी तरी जोड पुन्हा पिळून झाकण लावलं होतं, बाकी काही बदललं नव्हतं. लाल न्यूट्रल आणि खालून वर गुंडाळलेली टेप. मी डावखुरा, मी टेप उलटी गुंडाळतो. ठेकेदार म्हणाला, "हे कोणी तरी हौशी माणसाने केलंय." मी म्हटलं, मीच.

त्या मुलाला मी शोधून काढलं. आता तो मुलगा नाही, त्याचं दुकान आहे. मी सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "काका, तेव्हा बोलला असतात तर तुमच्या सोसायटीचं काम सुटलं नसतं." बस्स, एवढंच. मनगट पावसाळ्यात दुखतं, हे मी विचारल्यावर सांगितलं.

२००६ साली मी ज्या घरांत हात घातला त्यांची यादी आठवून, जुन्या डायरीवरून ताडून, मी ऑफिसात दिली आहे. बहुतेक डबे नव्याने जोडून झाले. बी विंगमधली तीन घरं उरली आहेत. दोन ठिकाणी घर बंद असतं. तिसऱ्या घरात डब्यावर पीओपीचं छत आहे आणि मालक ते फोडायला तयार नाहीत. मी त्यांच्याकडे दोनदा जाऊन आलो. गणपतीनंतर पुन्हा जाणार आहे.