लक्ष्मण देशपांडे : बावन्न पात्रांचा एकच नट

जळगावलगतच्या असोदा येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांची लेवा गणबोलीतील कविता आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि शेताघरातील बोलीला ग्रंथात मानाचे स्थान मिळाले. पुढे सुमारे पाव शतकाने रंगभूमीवर मराठवाडी बोलीच्या वाट्यालाही असेच भाग्य आले. ते आणले डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी, आणि तेही एकट्याने. त्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाने त्यांना ‘वऱ्हाडकार’ हे नाव कायमचे चिकटले.

देशपांडे यांचा जन्म १९४३ चा. पेशाने ते प्राध्यापक. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठात ते नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. दिवसा अभिनयाचे धडे द्यायचे आणि रात्री तेच प्रेक्षकांसमोर सिद्ध करून दाखवायचे, अशी कसोटी फार थोड्या अध्यापकांनी स्वतःवर ओढवून घेतली असेल.

‘वऱ्हाड’चा जन्म १९७० च्या दशकाच्या अखेरीचा. लेखन, दिग्दर्शन आणि सादरीकरण सारे त्यांचेच. कथानक म्हटले तर एका ओळीचे. मराठवाड्यातील एका खेडवळ घरातील मुलाचे लग्न लंडनच्या मुलीशी ठरते आणि सगेसोयरे त्यासाठी सातासमुद्रापार निघतात. विमानात पहिल्यांदाच पाऊल ठेवणारी ही मंडळी आपले रुसवेफुगवे, मानपान, भाबडेपणा आणि चिवटपणा सोबत घेऊन जातात. लंडन गाठले तरी गाव सुटत नाही, हीच या विनोदाची खरी नस.

या प्रयोगात सुमारे तीन तास एकच नट बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करीत असे. प्रत्येक पात्रासाठी नवा पोशाख नाही, नवी रंगभूषा नाही. मानेचा कल, नजरेची दिशा, आवाजाची पट्टी आणि बोलण्याची लय एवढ्याच भांडवलावर म्हातारा, तरुण, सासुरवाशीण, पोर अशी माणसे क्षणात बदलत. दोन पात्रांचा संवाद करणे एकवेळ सोपे; पण भांडणात पाच-सहा जण एकदम तोंड घालतात तेव्हा कोण बोलते आहे याचा प्रेक्षकाला संभ्रम पडू न देणे अवघड. देशपांडे यांची खरी करामत तेथे दिसे.

आजच्या स्टँड-अप कॉमेडीशी या प्रकाराची तुलना हमखास केली जाते. ध्वनिक्षेपक आणि एकटा माणूस हे साम्य आहेच. मात्र स्टँड-अप कलावंत बहुधा स्वतःच्या नावाने, स्वतःचे अनुभव सांगतो, तर एकपात्रीतील नट स्वतः नाहीसा होऊन गाव उभे करतो. मराठीत पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने १९६१ पासून या प्रकाराला प्रतिष्ठा दिली होती. पण ती मुंबईची चाळ होती, तिचा प्रेक्षकही मुख्यतः शहरी मध्यमवर्गीय. लक्ष्मण देशपांडे यांनी तोच प्रकार खेड्याच्या बोलीत नेला.

जोखीम येथेच होती. ग्रामीण बोली ऐकताच शहरी प्रेक्षक हसतो, आणि ते हसू बोलीवर असते की बोलणाऱ्याच्या शहाणपणावर, हे नेहमी स्पष्ट नसते. ‘वऱ्हाड’मध्येही काही ठिकाणी हशा अज्ञानावरच बेतलेला आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु तेथे खेडूत नोकराच्या किंवा गावंढळाच्या दुय्यम भूमिकेत नाही. कथा त्याची, दृष्टी त्याची आणि विक्षिप्त ठरतात ते बहुतेक वेळा साहेबाचे रीतिरिवाज. त्यामुळे वेगळी बोली बोलणाऱ्या खान्देशातील माणसालाही त्या वऱ्हाडात आपले काका-मामा सहज सापडतात.

देशात आणि परदेशांतील मराठी मंडळींपुढे त्यांनी प्रयोग केले. ध्वनिफितींनी ‘वऱ्हाड’ नाट्यगृह नसलेल्या गावांपर्यंत पोचवले. २००४ मध्ये गिनेस बुकात या विक्रमाची नोंद झाली. २२ फेब्रुवारी २००९ रोजी त्यांचे निधन झाले.

एकाच देहावर उभा असलेला प्रयोग त्या देहाबरोबर संपतो, अशी तेव्हा भीती होती. मात्र बीड जिल्ह्यातील माजलगावचे अभिनेते संदीप पाठक यांनी हेच ‘वऱ्हाड’ पुढे रंगमंचावर आणले आणि नव्या पिढीसमोर त्याचे शेकडो प्रयोग केले.