दोनदा निघून गेलेला विद्यार्थी

रामानुजन यांचं गणित समजावून सांगायला मी इथे उभा नाही, ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. मला बोलायचंय ते कॉलेजात शिकणाऱ्या रामानुजनबद्दल.

१९०४ साली ते कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर गेले. गणितापुढे बाकीच्या विषयांकडे लक्षच नव्हतं, त्यामुळे शिष्यवृत्ती गेली. ऑगस्ट १९०५ मध्ये सतरा वर्षांचा हा मुलगा कुणाला न सांगता घरातून निघाला आणि विशाखापट्टणमला गेला. मुलगा हरवल्याचं 'द हिंदू'मध्ये छापून आलं. पुढे तो परत आला, घरच्यांचा जीव भांड्यात पडला.

आता १९१४ सालचं केंब्रिज. पहिल्याच थंडीत महालनोबिस त्यांच्या खोलीवर गेले, तेव्हा कळलं की हा माणूस रात्रभर कुडकुडतोय. पांघरुणं गादीखाली खोचलेली असतात, त्यांच्या आत शिरायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! हे कळलं, कारण कुणीतरी खोलीवर गेलं.

हार्डींची तर जवळजवळ रोज भेट व्हायची. पण रोज समोर नवी प्रमेयं येत असताना 'जेवलास का' हे कोण विचारणार? रामानुजन कट्टर शाकाहारी, स्वतः रांधायचे, तेही अवेळी. महायुद्धामुळे कॉलेज ओस पडलेलं. घरची पत्रं विरळ झाली. पत्नी जानकीची पत्रं तर सासूबाईच अडवत होत्या.

अशात त्यांनी एका भारतीय मित्राला आपल्याकडे जेवायला बोलावलं होतं. पाहुण्यांनी तिसऱ्यांदा वाढायला नको म्हटलं आणि थोड्या वेळाने रामानुजन गायब! चार-पाच दिवसांनी ऑक्सफर्डहून तार आली, पाच पौंड पाठवा. अपमान झाल्यासारखं वाटलं, म्हणून निघून गेले होते. हा किस्सा आपण विक्षिप्त प्रतिभेची गंमत म्हणून सांगतो. मला तो १९०५ चाच प्रसंग वाटतो. पण पहिला ज्यांनी पाहिला ते कुंभकोणमला, दुसरा ज्यांनी पाहिला ते केंब्रिजला, आणि मधली पत्रं आटलेली.

१९१७ मध्ये ते आजारी पडले. १९१८ च्या सुरुवातीला लंडनमध्ये त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. ते वाचले. पोलिसांकडे हार्डी स्वतः धावले, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मार्च १९१९ मध्ये बोट मुंबईला लागली. धक्क्यावर आई आणि भाऊ उभे होते. रामानुजननी आधी विचारलं ते जानकी कुठे आहे. ती आलेली नव्हती.