छायाचित्राचा ठसा

नंदुरबार येथें ता. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं पोलिसांच्या गोळीबारांत शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पांच जण पडले. शिरीषकुमार तेव्हां अवघा पंधरा वर्षांचा होता. गांवांत त्यांचें स्मारक आहे. अशा स्मारकापुढें उभें राहिलें म्हणजे मनांत सहज येतें कीं, मृताचें नांव दगडावर कोरणें सोपें आहे, चेहरा उमटविणें मात्र फार अवघड. अक्षर एका रेघेनें पुरें होतें. चेहरा सावल्यांनीं बनलेला असतो, आणि सावलीला कांठ नसतो.

जुन्या काळीं या अडचणीची वाट वेगळ्या रीतीनें काढलेली दिसते. महाराष्ट्रांत गांवोगांव वीरगळ उभे आहेत. त्यांवर खालीं लढाई, मध्यें अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवपूजा व माथ्यावर चंद्रसूर्य असा बहुधा ठरीव क्रम आढळतो. त्या वीराचें नाक सरळ होतें कीं बसकें, हें पाथरवटास ठाऊक असण्याचें कारणच नव्हतें. गांवकऱ्यांना तो ओळखीचा होता, तेवढें पुरे होतें. पुढें १८३९ मध्यें छायाचित्राची विद्या जगापुढें आली, १८५४ मध्यें मुंबईस छायाचित्रकारांची संस्था निघाली, आणि माणसाचा प्रत्यक्ष चेहरा कागदावर उतरूं लागला. पण तो त्या एका कागदापुरताच! पुस्तकांत किंवा मासिकांत तो छापावयाचा तर लांकडावर कोरणाऱ्या कारागिराने छायाचित्र पुढें ठेवून रेघारेघांनीं त्याची नक्कल करावी लागे, आणि मग तो चेहरा निम्मा मृताचा व निम्मा कारागिराचा होई.

याचें मूळ कारण असें कीं, छापखान्याच्या शाईस करडा रंग ठाऊक नाहीं. शाई लागते किंवा लागत नाहीं. यावर तोड निघाली ती ठिपक्यांची. इंग्लंडांत टॅल्बट यानें १८५२ मध्येंच विरळ कापडाच्या जाळींतून प्रकाश सोडून पाहिला होता; पुढें १८८० नंतरच्या दशकांत जर्मनींत मायसेनबाख व अमेरिकेंत आइव्ह्ज यांनीं ही पद्धति धंद्यास उपयोगी पडेल अशी केली. कॅमेऱ्यांत निगेटिव्हच्या कांचेपुढें बारीक आडव्या-उभ्या रेघांची दुसरी कांच बसवीत. तींतून येणारा प्रकाश फुटून त्याचे लहानमोठे ठिपके होतात. ही निगेटिव्ह सरसाचा प्रकाशग्राही लेप दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ठेवून उजेड दाखविला कीं, जेथें उजेड लागला तेथें लेप कठीण होतो. बाकीचा धुऊन जातो, आणि उघडा पडलेला धातु रसायनानें खाल्ला जातो. जस्ताच्या पत्र्यास नत्राम्ल वापरतात. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदास इंचाला साठ-पासष्ट रेघांची जाळी पुरे. गुळगुळीत आर्ट पेपरला एकशें तेहतीस रेघांची लागे. हा हिशेब चुकला कीं ठिपके एकमेकांत मिसळून मुखावर डांबर फासल्यासारखें दिसे.

परंतु खरी कसोटी कॅमेऱ्यापूर्वींच लागत असे. फिकट, सपाट छायाचित्र ठशांत आणखी सपाट होतें. म्हणून कुंचल्यानें कपाळावरचा उजेड पांढऱ्या रंगानें किंचित् उजळावा, केसांची काळिमा गडद करावी, मागची भिंत वा पडदा झांकून टाकावा, अशी पूर्वतयारी करीत. या कामांत हात आवरणें हेंच कौशल्य. अति उजळणारा कारागीर साठीच्या आजोबांना तिशींत नेऊन बसवी, आणि घरच्यांना हें कोण, असा प्रश्न पडे!

महाराष्ट्रांत या विद्येचा मोठा उपासक म्हणजे त्र्यंबकेश्वरीं १८७० मध्यें जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. जे. जे. कलाशाळेनंतर ते बडोद्याच्या कलाभवनांत गेले, रतलाम येथें तिरंगी ठशांचें काम शिकले, आणि गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रांचें दुकान घातलें. तेथें प्लेगनें त्यांची पत्नी व मूल हिरावून नेलें. पुढें पुराणवस्तु खात्यांतील नोकरी सोडून त्यांनीं लोणावळ्यास ठसे व छपाई यांचा कारखाना काढला. तो नंतर दादरला नेला व ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नांवानें चालला. रंगीत छपाईचीं यंत्रें पाहण्यास ते १९०९ मध्यें जर्मनीसहि जाऊन आले. भागीदारांशीं न पटल्यामुळें त्यांनीं तो धंदा सोडला, आणि १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. चित्रपटाचा गाजावाजा योग्यच झाला. पण प्रकाश व छाया यांचें गणित हा मनुष्य ठशांच्या पत्र्यांवर आधीं गिरवून आला होता, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

यापुढचें पाऊलहि एका महाराष्ट्रांत जन्मलेल्या माणसानेंच टाकलें. बारामतीस १९३८ मध्यें जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले कुमार पटेल यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६४ मध्यें कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर तयार केला. त्याचा किरण डोळ्यांस दिसत नाहीं. पण लांकूड, चामडें, कांच व दगड तो शोषून घेतात आणि त्या जागीं तापतात. नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या गांवींहि आज लग्नाची भेट म्हणून लांकडी फळीवर किंवा स्मरणार्थ काळ्या ग्रॅनाइटवर छायाचित्र कोरून मिळतें, तें याच जातीच्या किरणानें. भाजल्यानें लांकूड काळें पडतें. उलट घोटलेला काळा ग्रॅनाइट किरणानें फुटून तेथें पांढुरका होतो. म्हणून लांकडास छायाचित्राचे काळे भाग, तर ग्रॅनाइटास उजळ भाग कोरावयाचे असतात. हें न जाणतां एकच चित्र दोहोंस लावलें, तर दगडावर आजोबांचे केस पांढऱ्याचे काळे होतात व मुख काळवंडतें.

ठिपके आतां संगणक पाडतो, पण कुंचलेवाल्याची जुनी अडचण कायम आहे. घरोघर मृताचें बहुधा एकच छायाचित्र असतें. तेंहि लग्नांतल्या गर्दींतलें, कोपऱ्यांतलें, दोन बोटांएवढें. तें दगडाएवढें वाढविलें कीं डोळ्याच्या जागीं दोनचार चौकटीच उरतात. यंत्रास सांगितलें तर तें कुठला तरी डोळा भरून देतें. डोळा मोठा सुबक असतो, पण तो त्या माणसाचा नसतो. जाणता कारागीर अशा वेळीं चित्र लहानच ठेवतो, दगडाचा उरलेला भाग कोराच सोडतो, आणि खालीं नांव व तिथि कोरून देतो.