वळणावर कलणारी गाडी

मलकापूरच्या स्टेशनावर उतरलेल्या माणसास बुलढाण्यास जावयाचें म्हणजे राजूरचा घाट चढावा लागतो. मुंबईहून नागपुराकडे जाणारा लोहमार्ग १८६० नंतरच्या दशकांत पूर्णेच्या सपाट खोऱ्यांतून गेला. १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत त्याचा फांटाही झाला. परंतु अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, सुमारें ६५० मीटर उंचीवर वसलेल्या जिल्ह्याच्या मुख्य गांवास आगगाडी कधींच पोहोंचली नाहीं. खालून वर जावयाचें तें सडकेनेंच. राजूरचा घाट असो, वा खामगांवाकडून बोथ्याच्या जंगलांतून येणारी वाट असो, एका बाजूस डोंगर आणि दुसऱ्या बाजूस उतार हा ठरलेलाच. अशा मुलुखांत गाडी वळण कसें घेते हा केवळ हौशी लोकांच्या कौतुकाचा विषय राहत नाहीं. गाडींत बसलेल्यांच्या जिवाशीं त्याचा संबंध असतो.

या विषयाचें पहिलें ज्ञान येथील धुरकऱ्याजवळ होतें. खामगांवची कापसाची पेठ एके काळीं साऱ्या वऱ्हाडांत मोठी. तेथें जाणाऱ्या बंडींत कापूस कितीही उंच रचतां येई. तो हलका असल्यामुळें धुरकऱ्याचा मोह वाढे, पण उतारावरच्या वळणाचें भय त्यास आवरून धरी. बंडीस स्प्रिंग नसते. ती कलत नाहीं. ती एकदम उलटते. म्हणून जड माल तळाशीं, हलका वर, दोर घट्ट आणि उतारावर बैलांची चाल मंद, हे नियम त्यानें कोणत्याही पुस्तकावांचून पाळले. ओझें जितकें खालीं आणि चाकांमधील अंतर जितकें जास्त, तितकी गाडी स्थिर, हें सूत्र मोटारीच्या शास्त्रानेंही पुढें बदललेलें नाहीं.

गाडी कलूं लागली ती सुखाच्या शोधामुळें. इंग्लंडांत १९ व्या शतकाच्या आरंभीं ऑबडाया इलियट या कारागिरानें पोलादी पाट्यांच्या कमानींवर घोडागाडीचा सांगाडा तोलून धरला. त्यामुळें खड्ड्यांचे हिसके कमी झाले. पुढें १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यानें हवेचा टायर प्रचारांत आणला आणि बैठक आणखी मऊ झाली. परंतु जी कमान खड्ड्यावर दबते, ती वळणावरही दबते. वळतांना गाडीचें धड सरळ जाऊं पाहतें, चाकें तिला वळवितात, आणि धड बाहेरच्या बाजूस कलतें. घोड्याच्या चालींत हा दोष फारसा जाणवला नाहीं; मोटारीच्या वेगांत तो उघडा पडला.

त्याचें गणित सोपें आहे. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगानें गेली, तर तिला बाहेर ढकलणारा जोर तिच्या वजनाच्या सुमारें चौथ्या हिश्शाएवढा वाटतो. तोच वेग ५४ झाला, म्हणजे दीडपट झाला, तर जोर सव्वादोनपट होऊन वजनाच्या निम्म्याहून अधिक भरतो. वेगाची ही वाढ चालकाच्या पायास थोडी वाटते. टायरास ती थोडी नसते.

कलण्यावर सुचलेला पहिला उपाय म्हणजे स्प्रिंगा कडक करणें. त्यानें कल कमी झाला, पण प्रवाशांचीं हाडें खिळखिळीं झालीं. शिवाय खडबडीत सडकेवर कडक स्प्रिंगेचें चाक उसळून जमीन सोडतें, आणि जमीन सोडलेलें चाक गाडीस वळवूंही शकत नाहीं, थांबवूंही शकत नाहीं. सुख आणि स्थैर्य यांचा हा झगडा ज्या साध्या युक्तीनें बराचसा मिटला, तिचें पेटंट १९१९ सालीं कॅनडांतील स्टीफन कोलमन यास मिळालें. ही युक्ति म्हणजे एक वांकविलेली पोलादी सळई. तिचा मधला भाग गाडीच्या धडाशीं रबरी बुशांत फिरता बसवावयाचा आणि दोन टोकें डाव्या व उजव्या चाकांच्या आधारांस जोडावयाचीं. दोन्ही चाकें एकदम उचललीं गेलीं, तर सळई नुसती फिरते. बैठकीचा मऊपणा कायम राहतो. गाडी कलूं लागली म्हणजे मात्र धडाच्या हिशेबानें एका बाजूचें चाक वर आणि दुसरें खालीं जातें. सळईस पीळ बसतो, आणि तो पीळ कलण्यास विरोध करतो. अमेरिकेंत १९३४ च्या सुमारास पुढच्या प्रत्येक चाकास स्वतंत्र आणि मऊ स्प्रिंग देण्याची पद्धति रुळली. रोल्स रॉइसमधून कॅडिलॅककडे गेलेले मॉरिस ऑली हे या कामांतील प्रमुख अभियंते. मऊ स्प्रिंगांबरोबर या सळईचें महत्त्व वाढलें.

हें ज्ञान महाराष्ट्रांत गाड्यांच्या रूपानेंच आलें. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट ११०० आणि तिचेंच रूप असलेली पद्मिनी बाहेर पडली. तिच्या पुढच्या चाकांस गुंडाळी स्प्रिंगा आणि मागें पाट्यांची कमान. बंगालांतील उत्तरपाड्याची अँबॅसडर १९५८ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली. तिला पुढें पीळ घेणाऱ्या दांड्या आणि मागें तीच पाट्यांची कमान. घाटांतल्या सडकांवर या दोन जातींनीं कैक वर्षें माणसें वाहिलीं. पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. तरी कोणाच्या वाड्यांत वडिलांची गाडी अजून जपलेली असते, आणि ती वळणावर फार कलते अशी तक्रार मिस्त्रीकडे जातेच.

येथें बहुतेक मालकांची चूक होते. ते एकदम नवी जाड सळई मागतात. वस्तुतः जुनी गाडी कारखान्यांतून निघाली तेव्हां एवढी कलत नव्हती. वर्षांच्या ओझ्यानें कमानींचा बांक उतरलेला असतो, शॉकअपमधलें तेल गळालेलें असतें, बुशांचें रबर झिजून सळईचीं टोकें नुसतीं खडखडत असतात, आणि टायरांत हवा कमी असते. म्हणून क्रम असा असावा: प्रथम टायर व हवा, मग बुश व सांधे, मग शॉकअप, मग कमान. एवढ्यानेंच पुष्कळदां गाडी मूळ पदावर येते. यानंतरही सळई बदलावयाची असेल, तर तिचा जोर जाडीच्या चौथ्या घातानें वाढतो हें ध्यानांत ठेवावें. २० मिलिमीटरच्या जागीं २२ ची भरीव सळई घातली, तर ती जवळजवळ दीडपट कडक होते. अशी सळई पुढें घातली तर गाडी वळण सोडून सरळ जाऊं पाहते. फक्त मागें घातली तर गाडीची शेपटी बाहेर फेंकली जाऊं शकते, आणि पावसांत ओल्या घाटावर ही दुसरी गोष्ट अधिक घातक. शिवाय सळई दोन चाकांस बांधते, त्यामुळें एका चाकाच्या खड्ड्याचा धक्का दुसऱ्यासही पोहोंचतो. मूळ रचनेंत असा फेरफार करण्यापूर्वीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलमही पाहावें लागतें.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट याहून निराळी आहे. वळणावर आंतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो हें गाडीचें वजन, तिचा वेग, वळणाची त्रिज्या, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर यांवर ठरतें. सळईमुळें तो भार नाहींसा होत नाहीं. तो पुढच्या व मागच्या जोडींत कसा वांटला जावा, एवढेंच मुख्यतः ती ठरविते. म्हणजे गाडीचें कलणें थांबलें, तरी उलटण्याचें भय जवळजवळ तितकेंच राहतें. उलट, कलणारी गाडी चालकास वेळीं सावध करते. न कलणारी गाडी त्यास निर्धास्त करते. टपावरच्या कॅरिअरवर पेट्या आणि पोतीं चढविलेली जीप, वर माणसेंही बसविलेलीं, अशी घाट उतरत असेल, तर कितीही जाड सळई तिचा गुरुत्वमध्य खालीं आणूं शकत नाहीं.

आज जिल्ह्याच्या दक्षिण भागांतून, मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतून, समृद्धि महामार्ग जातो. तेथें मोटारीस ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि वळणेंही सौम्य आहेत. परंतु त्या वेगांत एखाद्या जनावरास चुकविण्यासाठीं चाक एकदम फिरविलें, तर सरळ रस्त्यावरच क्षणभर घाटाचें वळण निर्माण होतें. झिजलेल्या बुशांची, गळक्या शॉकअपची जुनी गाडी त्या क्षणीं उघडी पडते.

जुन्या गाडीवर माया असणाऱ्यानें तिचे सांधे घट्ट करावे, शॉकअप भरवावे, टायर वेळेवर बदलावे. त्यानें गाडी सांगितलेलें ऐकेल. परंतु ओझें तळाशीं ठेवणें आणि वळणाआधीं वेग उतरविणें हीं दोन कामें कोणत्याही मिस्त्रीच्या हातचीं नाहींत. खामगांवाकडे कापूस नेणाऱ्या धुरकऱ्यानें तीं स्वतःकडेच ठेविलीं होतीं. मोटार हांकणाऱ्यानेंही तीं स्वतःकडेच ठेवावीं.